प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ऑनलाइन मास्टर्स: साडेतीन स्टार, आणि कुणी घ्यावं कुणी घेऊ नये

नोकरी सांभाळून केलेलं ऑनलाइन मास्टर्स एकदाचं संपलं, आणि आता ऑफिसातला दर तिसरा माणूस विचारतोय की काय गं, घेऊ का अ‍ॅडमिशन, फायदा आहे का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहून टाकते. पाचपैकी साडेतीन. युनिव्हर्सिटीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण ओळखीतल्या ज्यांनी दुसरीकडून केलं त्यांच्याशी बोलल्यावर कळलं की विषय जवळपास तेच, वैतागही तेच.

आधी एक घोळ मिटवून घेऊ. बरेच जण पीएमपी आणि मास्टर्स एकच समजतात. पीएमपी ही परीक्षा आहे, पीएमआय नावाची संस्था घेते, संस्था १९६९ ची आणि परीक्षा १९८४ पासूनची. २०२१ ला आलेल्या पॅटर्नमध्ये १८० प्रश्न, २३० मिनिटं होती. त्याला बसायला आधी प्रोजेक्टवर काम केल्याचा अनुभव लागतो, साधी चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने, आणि वर ३५ तासांचं ट्रेनिंग. आता गंमत अशी की पीएमआयचीच एक जीएसी म्हणून शाखा आहे जी डिग्री प्रोग्रॅम्सना मान्यता देते, आणि तसल्या मान्यताप्राप्त डिग्रीवर ३६ चे २४ महिने होतात. हे नियम अधूनमधून बदलतात त्यामुळे फॉर्म भरायच्या दिवशी साइटवर बघा, पण अ‍ॅडमिशन घेताना "जीएसी मान्यता आहे का" हा पहिला प्रश्न विचारा. माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांना हे असं काही असतं हेच शेवटच्या टर्मला कळलं. आणि तुम्हाला फक्त सीव्हीवर तीन अक्षरं हवी असतील, दोन वर्षं शनिवार-रविवार घालवायचे नसतील, तर सरळ पीएमपीचा अभ्यास करा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

पहिली टर्म म्हणजे शब्दसंग्रह. चार्टर, स्कोप, डब्ल्यूबीएस (मोठ्या कामाची लहान तुकड्यांत फोड), स्टेकहोल्डर, हे सगळं. ज्याने आधी काम केलंय त्याला "अरे हे तर आपण करतोच, नाव माहीत नव्हतं" असं होतं आणि ज्याने नाही केलेलं त्याला नुसती पाठांतराची यादी वाटते. थोडा इतिहास होता तो मला आवडला, गँट चार्ट, म्हणजे कुठलं काम कधी सुरू कधी संपणार हे पट्ट्यांनी दाखवणारी आकृती, गँटच्या नावाने ओळखला जातो पण पोलंडच्या कारोल अदामिएत्स्कीने १८९६ मध्येच तसलीच आकृती काढली होती, फक्त त्याने ती इंग्रजीत छापली नाही म्हणून जगाला कळली नाही वगैरे. इथली माझी पहिली तक्रार मात्र ठोस आहे. पीएमबॉक गाइड म्हणजे पीएमआयचं ह्या विषयातलं मुख्य पुस्तक, त्याची सहावी आवृत्ती २०१७ ची, त्यात ४९ प्रोसेस आणि १० नॉलेज एरिया. सातवी आली २०२१ ला, तिने ती सगळी मांडणीच मोडली आणि १२ प्रिन्सिपल्स, ८ परफॉर्मन्स डोमेन्स आणले. आमच्या कोर्समध्ये व्हिडिओ जुन्या आवृत्तीचे, स्लाइड्स नव्या आवृत्तीच्या, आणि क्विझ दोन्हीची खिचडी. म्हणजे सर व्हिडिओत ४९ चौकोनांचा तक्ता समजावतायत आणि खाली प्रश्न येतोय की बारापैकी कुठलं तत्त्व लागू होतं. रेकॉर्डेड कोर्सचा हा प्रॉब्लेम राहणारच, एकदा रेकॉर्ड केलं की पुन्हा कोण करतंय. लेक्चर कुठल्या सालचं आहे ते डेमोमध्येच विचारून घ्या.

आता ज्याच्यासाठी साडेतीन दिले ते सांगते, शेड्युलिंग आणि कॉस्ट कंट्रोल. हा एक विषय जरी नीट शिकलात ना तरी डिग्री वसूल. अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेलं काम पैशात मोजून प्लॅनशी आणि खर्चाशी ताडून बघायचं, हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि बहुतेकांनी रिपोर्टमध्ये नुसतं टेम्प्लेट भरलेलं असतं. समजा पूर्ण बजेट १००. आजच्या तारखेपर्यंत प्लॅननुसार ५० चं काम व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात ४० चं झालंय, आणि खर्च झालेत ६०. नुसता खर्च बघणारा म्हणेल की दहाने जास्त गेलं, चालतंय. पण ६० खर्चून ४० चं काम, म्हणजे सीपीआय (झालेलं काम भागिले खर्च) आला ०.६७, आणि हाच वेग राहिला तर शंभरचं प्रोजेक्ट दीडशेला जाणार. दहा नाही, पन्नास! हे गणित पाचवीतल्या पोराला जमेल इतकं सोपं आहे पण ते मीटिंगमध्ये पहिल्या तिमाहीत मांडायचं असतं, शेवटच्या नाही, हे आमच्या मॅडमनी अक्षरशः घोकून घेतलं.

आणि त्याच मॅडमनी नंतर त्या गणितातलं भोकही दाखवलं, जे मला कुठल्याच क्रॅश कोर्समध्ये दिसलं नव्हतं. शेड्युलचा जो इंडेक्स आहे, एसपीआय, तो म्हणजे झालेलं काम भागिले ठरलेलं काम. आता प्रोजेक्ट सहा महिने उशिरा का संपेना, संपलं की झालेलं काम १०० आणि ठरलेलंही १००, म्हणजे इंडेक्स येतो १, म्हणजे कागदावर अगदी वेळेत! शेवटच्या टप्प्यात तो आकडा आपोआप सुधारत जातो आणि सगळे खूश. ह्यावर उपाय म्हणून वॉल्ट लिपके ह्यांनी २००३ मध्ये अर्न्ड शेड्युल मांडलं, त्यात उशीर पैशात न मोजता वेळेतच मोजतात, की आज जितकं काम झालंय तितकं प्लॅनमध्ये कुठल्या तारखेला व्हायला हवं होतं. एवढंच. पण हे कळल्यापासून मी रिपोर्टमधला "सगळं ठीक"वाला हिरवा रंग बघितला की आधी विचारते प्रोजेक्टचा कितवा महिना चालू आहे. "नव्वद टक्के झालंय" ह्या वाक्याचंही तिथेच ऑपरेशन झालं. टक्के माणसाला विचारायचेच नाहीत, लहान लहान कामं पाडायची आणि संपलं तर शंभर, नाही संपलं तर शून्य. टीमला आवडत नाही, सांगून ठेवते.

रिस्कचा पेपर त्याच तोडीचा. तीन आकड्यांचा अंदाज, म्हणजे सगळं नीट झालं तर, साधारणपणे, आणि सगळं बिघडलं तर, ह्यांची ती मधल्याला चारपट धरून भागिले-सहावाली सरासरी सगळीकडे शिकवतात. पण इथे पुढे जाऊन स्प्रेडशीटमध्ये माँटे कार्लो करायला लावलं, म्हणजे आकडे हजारो वेळा यादृच्छिक बदलून काय काय होऊ शकतं ते बघायचं. तीन टीम समांतर काम करतायत, प्रत्येकीची वेळेत संपवण्याची शक्यता ८० टक्के, आणि तिघींचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. तर पुढचं वेळेत सुरू व्हायची शक्यता किती? ८० वाटतं ना? ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, एक्कावन्न टक्के. छापा-काटा. आणि आपण तीन हिरवे दिवे बघून वर तारीख कळवून मोकळे झालेलो असतो.

केस स्टडीमध्ये सिडनी ऑपेरा हाऊस होतंच, ह्या विषयात ते चुकत नाही. १९५७ चा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, १९६३ ला पूर्ण, आणि प्रत्यक्षात उघडलं १९७३ ला, खर्च १० कोटी २० लाख. ड्रॉइंग्ज पूर्ण व्हायच्या आधीच १९५९ ला काम सुरू केलं, कारण राजकारण्यांना घाई. बॅचमध्ये ह्यावर चांगलंच वाजलं, की मग हे प्रोजेक्ट फेल म्हणायचं की नाही, कारण आज त्या इमारतीला फेल म्हणायची कुणाची हिंमत नाही. माझं मत, प्रोजेक्ट फेल, इमारत पास, दोन वेगळ्या मार्कशीट आहेत आणि पहिलीवर सही करणाऱ्याची नोकरी गेलेली असते. सरांना हे उत्तर फार आवडलं नाही, मार्क मात्र दिले.

प्रोक्युअरमेंट (बाहेरून खरेदी) आणि कॉन्ट्रॅक्ट्स हा विषय मी झोप येणार म्हणून शेवटी ठेवला होता, आणि तो निघाला छुपा रुस्तम. फिक्स्ड प्राइस असलं की वाढीव खर्च ठेकेदाराच्या गळ्यात, कॉस्ट प्लस (झालेला खर्च अधिक ठेकेदाराचा नफा) असलं की आपल्या, टाइम अँड मटेरियल (तासांचे आणि सामानाचे पैसे) असलं की मधेच लोंबकळत. म्हणजे कॉन्ट्रॅक्टचा प्रकार निवडणं हाच रिस्कचा निर्णय असतो आणि तो बऱ्याचदा प्रोजेक्ट मॅनेजर येण्याआधीच कुणीतरी घेऊन टाकलेला असतो.

अजाइल, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत प्लॅन बदलत जायची पद्धत, ठीकठाक. २००१ चा जाहीरनामा, सतरा जण, चार मूल्यं, बारा तत्त्वं, मग स्क्रम ह्या अजाइलच्या एका प्रकारातले रोल्स, मग एक व्हिडिओ ज्यात काही लोक उभं राहून स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी मीटिंग, करतायत. सॉफ्टवेअरमध्ये असाल तर तुम्हाला नवीन काही मिळणार नाही. टीमवर्कचा पेपर त्याहून पातळ, टीम कशी घडत जाते त्याचे टकमनचे १९६५ चे टप्पे, फॉर्मिंग-स्टॉर्मिंग-नॉर्मिंग-परफॉर्मिंग, चार वेगवेगळ्या विषयांत चार वेळा शिकवले. पण बॉसला तारीख पुढे जाणार हे कसं सांगायचं, तो "ते मला माहीत नाही, करून दाखवा" म्हणाला तर काय बोलायचं, ह्यावर एकही सेशन नाही. दीड स्टार कापलेत त्यातला बराचसा ह्याच्यापायी, आकडा काढायला शिकवता आणि तो आकडा घेऊन केबिनमध्ये शिरायला शिकवत नाही.

ऑनलाइनचा अनुभव म्हणाल तर डिस्कशन बोर्ड हा शुद्ध टाइमपास. आठवड्याला एक पोस्ट आणि दोन रिप्लाय कंपल्सरी, त्यामुळे रविवारी रात्री साडेअकराला सगळे जागे होतात आणि "खूप छान मुद्दा मांडलास, मी पूर्ण सहमत आहे" ह्याच्या पन्नास आवृत्त्या पडतात. आता तर पोस्टही एआयची आणि रिप्लायही एआयचा, दोघं एकमेकांशी गप्पा मारतायत आणि आपण मार्क घेतोय.

ग्रुप प्रोजेक्टला लोक शिव्या घालतात, मीही घातल्या, पण तो खरा अभ्यास होता. वेगवेगळ्या टाइम झोनमधली माणसं, एकाची नाइट शिफ्ट, एकीचं बाळ लहान, एकजण पहिल्या मीटिंगला "मी सगळं बघतो" म्हणून जो गायब झाला तो थेट सबमिशनच्या दिवशी फॉन्ट बदलायला उगवला. पुस्तकातलं ते सूत्र असतं ना, माणसं पाच तर संवादाचे मार्ग दहा, माणसं दहा तर पंचेचाळीस, ते तिथे अंगावर येतं. आम्ही शेवटी मीटिंग बंदच केल्या आणि एका शीटवर कोण काय करणार, कोण फक्त बघणार हे लिहून काढलं, त्यानंतर गाडी सुरळीत. एकच सल्ला, पीअर इव्हॅल्युएशनला मार्क आहेत का हे आधी बघा. नसतील तर गायब होणारे दोन असतात.

सर्व्हिसबद्दल बोलायचं तर हसावं की रडावं. आम्हाला डेडलाइन चुकली तर मार्क कापणार, आणि ह्यांचा फीडबॅक पुढची असाइनमेंट सबमिट झाल्यावर येणार, म्हणजे पहिलीत काय चुकलं ते कळेपर्यंत दुसरीत तेच करून झालेलं असतं. दर टर्मच्या शेवटी फॉर्म भरून घेतात, आम्ही दर टर्मला हेच लिहितो, आणि पुढच्या टर्मला "लेसन्स लर्न्ड" नावाचं युनिट तेच लोक शिकवतात. प्रॉक्टर्ड परीक्षेचा जाच वेगळाच, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवा, टेबलाखाली दाखवा, आणि विचार करताना छताकडे बघितलं तर वॉर्निंग. मी विचार करताना छताकडेच बघते, काय करणार.

वेळेचं खरं सांगते. माहितीपत्रकात जे आठवड्याचे तास लिहिलेले असतात ते वाचनाचे असतात, असाइनमेंटच्या आठवड्यात ते दुप्पट धरा, आणि ऑफिसचं क्लोजिंग आणि टर्मची शेवटची असाइनमेंट एकाच आठवड्यात येणार हे गृहीतच धरून चाला. एका वेळी दोन विषय घेणाऱ्यांपैकी बरेच जण मधेच एकावर आले.

कॉलेजमधून नुकतेच बाहेर पडला असाल तर आत्ता नका घेऊ. तीन-चार वर्षं कुठल्यातरी प्रोजेक्टवर हाल काढा, मग या, प्रत्येक चॅप्टरला तुमच्याकडे एक नाव आणि एक चेहरा असेल. बांधकाम, इंजिनिअरिंग, सप्लाय, हॉस्पिटलचं काम, अशा ठिकाणी असाल तर जास्त उपयोग, कारण तिथे शेड्युल आणि कॉन्ट्रॅक्ट खरे असतात. आयटीवाल्यांनी इलेक्टिव्ह बघून मग ठरवा.

कॅपस्टोनला, म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या मोठ्या प्रोजेक्टला, ऑफिसचंच प्रोजेक्ट घ्यायचा मोह होतो, घ्या, पण लेखी परवानगी आणि आकडे बदलून, आणि तेही टर्म सुरू व्हायच्या आधी, कारण आमच्यातल्या एकाचं प्रकरण लीगलकडे जाऊन बसलं आणि त्याला अर्ध्यात विषय बदलावा लागला. आणि शेड्युलिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स विद्यार्थी म्हणून मिळालेलं असतं, डिग्री संपली की तेही संपतं. त्याआधी सगळ्या फाइल्स पीडीएफ आणि एक्सेलमध्ये काढून ठेवा, नंतर हेल्पडेस्कला मेल करून काही होत नाही.