परीक्षण: आतली नळी निघणारी ट्रेकिओस्टॉमी ट्यूब

श्वासमार्ग अचानक बंद झाल्यावर गळ्याला छेद देऊन नळी घालतात आणि पेशंट वाचतो. पण त्यानंतरचे दिवस कसे जातील, हे बरंचसं त्या नळीवर ठरतं. अगदी घाईत क्रिकोथायरॉटॉमी, म्हणजे स्वरयंत्राच्या समोरच्या पडद्याला छेद देऊन नळी घालणं, केली असेल तर ती नळी स्वरयंत्राला अगदी लागून असते. तिथे फार दिवस ठेवली की स्वरयंत्राखालचा भाग आकसतो, म्हणून साधारण 24 ते 72 तासांत रीतसर ट्रेकिओस्टॉमी करून नळी खाली श्वासनलिकेत घेतात. त्या वेळी एकेरी नळी घालायची की दुहेरी, हा प्रश्न येतो. हे परीक्षण दुहेरी नळीचं आहे.

पाकिटात मानेवर टेकणारी पट्टी असलेली बाहेरची नळी, तिच्यात बसणारी आतली नळी आणि नळी घालताना वापरायची गोल टोकाची दांडी म्हणजे ऑब्ट्युरेटर, एवढं सामान असतं. दांडी नळी बसताक्षणी काढायची, पण फेकायची नाही. नळी निसटली तर पुन्हा लागते.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. नळीच्या टोकाकडच्या फुग्याला इंग्रजीत ‘कफ’ म्हणतात आणि आपण छातीतल्या चिकट स्रावालाही कफ म्हणतो. ‘कफ काढा’ म्हटल्यावर एकाने सक्शन, म्हणजे स्राव ओढून घेणारी बारीक नळी, लावायचं आणि दुसऱ्याने हवा सोडायची, हे परवडणारं नाही. पेशंटजवळच्या सगळ्यांनी एकाला फुगा आणि दुसऱ्याला कफ असंच म्हणावं.

आता मुख्य गुण. श्वास नाकातून जात नसल्यामुळे हवा ओली आणि गरम होत नाही, कफ सुकतो आणि नळीच्या आतल्या भिंतीला खपलीसारखा चिकटतो. एकेरी नळी अशी तुंबली आणि सक्शनने मोकळी झाली नाही, तर अख्खी नळीच काढावी लागते. पहिल्या आठवड्यात मानेतला मार्ग नीट तयार झालेला नसतो. तेव्हा नवी नळी श्वासनलिकेत न जाता मांसात शिरू शकते. हवा कातडीखाली पसरते, मान सुजते, दाबली की करकरते. दुहेरीत आतली नळी वळवून ओढायची आणि दुसरी स्वच्छ नळी बसवायची, काही सेकंदांचं काम. बाहेरची नळी जागची हलत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही या नळीला पूर्ण पसंती देतो.

काढलेली आतली नळी उजेडासमोर धरून आरपार बघा. पूर्ण गोल उजेड दिसायला हवा. चंद्रकोरीसारखा दिसला तर एका बाजूला थर बसला आहे, आणि तो बहुधा वाकाच्या पुढे, टोकाजवळ असतो. निदान दर 8 तासांनी एकदा तपासायची, कफ घट्ट असेल तर दर 4 तासांनी. धुवायची नळी असेल तर निर्जंतुक पाणी आणि मऊ ब्रश वापरा आणि कोरडी करून ठेवा. पाण्यात भिजवून ठेवू नका, त्यात जंतू वाढतात. एकदाच वापरायची असेल तर धुऊन परत घालू नका.

उणीव रुंदीची. आतली नळी जागा खाते. शायली या ब्रँडच्या जुन्या क्रमांकपद्धतीत 6 नंबर बाहेरून 10.8 मिमी, पण हवेसाठी 6.4 मिमीच. व्यास 8 वरून 7 मिमी झाला तरी सुरळीत प्रवाहाच्या हिशेबाने अडथळा सुमारे 1.7 पट होतो. अशक्त पेशंटला तो जाणवतो. म्हणून पाकिटावरचा नंबर नाही, आतला आणि बाहेरचा व्यास वाचा.

सक्शनची नळीही आतल्या व्यासावरूनच ठरवा: व्यासातून 2 वजा करून दुप्पट. 6.4 ला 8.8 येतं, म्हणजे 8 नंबर. 10 नंबरची नको, ती 3.3 मिमी जाड, म्हणजे 6.4 च्या निम्म्यापेक्षा किंचित जास्त. मोठ्या माणसाला दाब 80 ते 120 मिमी पारा, तोही नळी बाहेर घेतानाच, आणि सगळं 10 ते 15 सेकंदांत. जाळीच्या, म्हणजे भोकं असलेल्या नळीतून सक्शन करताना बिनभोकाची आतली नळी आधी घाला. नाहीतर सक्शनची नळी भोकातून बाहेर जाऊन श्वासनलिकेच्या भिंतीला इजा करते.

दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. काही नळ्यांत अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जोडायचं 15 मिमीचं तोंड आतल्या नळीवरच असतं. ती धुवायला काढली आणि जोडीला दुसरी नसली, तर त्या क्षणी बॅग लावताच येत नाही.

फुग्याचा दाब मोजायच्या यंत्रावर 20 ते 30 सेंमी पाणी ठेवा. बोटाने दाबून अंदाज घेणं भरवशाचं नाही. जास्त झाला तर आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि पुढे तिथेच श्वासनलिका आकसते. कमी झाला तर लाळ खाली उतरते. बोलण्याचा व्हॉल्व्ह (एकतर्फी झडप) लावण्याआधी फुगा पूर्ण रिकामा हवाच. फुगलेला राहिला तर हवा आत जाते, बाहेर येत नाही.

आतली नळी काढूनही श्वास मोकळा झाला नाही तर सक्शनची नळी आत जाते का बघा. जात नसेल तर फुगा सोडा. तरीही नाहीच, तर नळी काढून तोंडावर आणि गळ्याच्या छिद्रावर, दोन्हीकडे ऑक्सिजन द्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय ट्रेकिओस्टॉमी सुरक्षा प्रकल्पाने 2012 मध्ये दिलेला क्रमही असाच आहे. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या पेशंटचा श्वास मात्र फक्त गळ्यातूनच चालतो. ही खूण खाटेवर ठळक लिहून ठेवा.

आणि एका बाबतीत कोणतीच नळी कामाची नाही. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस उलटल्यावर ताजं लाल रक्त आलं, अगदी चमचाभर आणि आपोआप थांबलेलं असलं, तरी ताबडतोब सर्जनला दाखवा. नळीच्या टोकाने किंवा फुग्याने समोरची मोठी रक्तवाहिनी झिजत असेल तर मोठ्या रक्तस्रावाआधी असा थोडा इशारा मिळू शकतो.

घ्यायचीच असेल तर दोन आतल्या नळ्यांसह घ्या. पेशंटजवळच्या पिशवीत त्याच नंबरची एक पूर्ण नळी, एक नंबर लहान दुसरी, दांडी, 10 मिलीची सिरिंज, जेली, फीत आणि कात्री. पिशवी पेशंट जिथे जाईल तिथे, एक्स-रेच्या खोलीतसुद्धा.