एअर फ्रायरमधले पिकल चिप्स: आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये घेतलेला एअर फ्रायर आता आमच्या ओट्यावर चांगलाच मुरला आहे. साधारण साडेपाच लिटरची एकच चौकोनी बास्केट, १७०० वॉट, तापमान ४०० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे २०० सेल्सियसच्या थोडं वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या आकाराची सगळी यंत्रं आतून सारखीच: वर कॉइल, कॉइलच्या मागे पंखा, खाली जाळी.

नव्या एअर फ्रायरची परीक्षा बहुतेक लोक फ्रोझन फ्राइजवर घेतात. ती परीक्षाच नव्हे. त्या फ्राइज कारखान्यातून अर्ध्या तळूनच येतात, तेल त्यांच्या अंगात आधीच असतं, आणि ते कुठलंही यंत्र नीट गरम करू शकतं. खरं पाणी जोखायचं असेल तर ब्रेडक्रम्समध्ये घोळवलेल्या पिकलच्या, म्हणजे खारवलेल्या काकडीच्या, चकत्या करून बघा. आत नुसतं खारट-आंबट पाणी, बाहेर कोरडा चुरा, आणि दोघांना दहा मिनिटं एकत्र नांदवायचं. मी ते बरेच महिने करतो आहे, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्याबद्दलच.

आम्ही राहतो बेंटनव्हिलला, आर्कन्सॉ राज्यात. पिकल म्हणजे इथे शेपू, लसूण, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात मुरलेली काकडी. तेल-मोहरीच्या आपल्या लोणच्याशी तिचा काही संबंध नाही, तेव्हा बेडेकरांची बरणी खाली ठेवा. इथून लिटल रॉकला जाताना आय-४० महामार्गावर अ‍ॅटकिन्स नावाचं छोटं गाव लागतं. तिथे पिकलचा कारखाना होता आणि त्याच्यासमोर बर्नेल ऑस्टिन यांचं डचेस ड्राइव्ह-इन नावाचं हॉटेल. १९६३ मध्ये त्यांनी पिकलच्या चकत्या पिठात बुडवून, तळून विकायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून तळलेल्या पिकलचं गाव म्हणून अ‍ॅटकिन्सचं नाव घेतात. कारखाना बंद पडला, पण पिकलफेस्ट अजून मे महिन्यात भरतो. शनिवारी रेझरबॅक्सची, म्हणजे आर्कन्सॉ विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची, मॅच असली की या भागातल्या कुठल्याही स्पोर्ट्स बारमध्ये तळलेल्या पिकलची टोपली टेबलावर येतेच. आमच्या लेकीला तिथूनच चटक लागली, आणि दर आठवड्याला कढईभर तेल काढायची माझी तयारी नव्हती.

पहिला मुद्दा स्पष्ट करतो, कारण नावामुळे गैरसमज होतो. हे यंत्र तळत नाही. तळणीत पातळ पीठ तेलात पडताक्षणी चहूबाजूंनी गरम तेल त्याला पकडतं आणि कवच धरतं. इथे नुसती गरम हवा जोरात फिरते. भज्याचं पीठ लावलेली चकती जाळीवर ठेवली की पीठ कवच धरायच्या आधीच जाळीतून ओघळतं, खाली साचतं आणि करपतं. वर उरते ती वातड सालपटं. म्हणजे अ‍ॅटकिन्सची मूळ पिठातली पद्धत इथे बाद, आणि कांदाभजीही बाद. आई साताऱ्याहून सहा महिने राहायला आली होती. तिने काचेतून आत बघत दोन मिनिटांत निकाल दिला: ‘‘अरे, हे तळणं नाही, हे वाळवण आहे. ऊन तेवढं मशीनमधलं.’’ एवढं एक वाक्य यंत्राच्या माहितीपुस्तिकेत छापलं असतं तर लोकांचा पुष्कळ त्रास वाचला असता. जे वाळवायचं, त्यातलं पाणी आधी जितकं कमी कराल तितकं काम सोपं. पुढची सगळी कृती त्याच हिशोबाने.

बरणी निवडणं निम्मं काम आहे. दुकानात उघड्या शेल्फवर असतात त्या बरण्या उष्णता देऊन टिकाऊ केलेल्या असतात, त्यामुळे काकडी आधीच थोडी शिजलेली असते. फ्रीजच्या कप्प्यात मिळतात ती पिकल्स, क्लॉसन किंवा ग्रिलोजसारखी, उष्णता न देता भरलेली असतात. ती दाताखाली करकर वाजतात आणि एअर फ्रायरमधून निघाल्यावरही आत थोडा कणखरपणा राखून असतात. बर्गरसाठी कापलेल्या नागमोडी कडांच्या चकत्या सर्वांत उत्तम, कारण त्या खाचांत चुरा अडकून बसतो. लांब फोडी घेऊ नका. आतल्या पाण्याची वाफ होते आणि मोज्यासारखं अख्खं आवरण निसटून हातात येतं. ‘ब्रेड अँड बटर’ नावाची गोड पिकल्सही टाळा, त्यातली साखर चुऱ्याच्या आधी काळी पडते.

आता कोरडं करणं. चकत्या चाळणीत निथळू द्या, मग पेपर टॉवेलवर एका थरात पसरा, वरून दुसरा टॉवेल ठेवून तळहाताने दाबा. पंधरा मिनिटांनी टॉवेल बदलून पुन्हा एकदा. मिठामुळे काकडीला पाणी सुटतच राहतं, म्हणून घोळवण्याच्या अगदी आधी शेवटचं टिपून घ्यायचं. घाई असेल तर या पदार्थाच्या वाटेला जाऊच नये.

आवरण तीन थरांचं. आधी कोरडं कॉर्नफ्लोअर, ते उरलेला ओलावा धरून ठेवतं. मग ओलं मिश्रण: अंडं फेटून त्यात चमचाभर पिवळी मोहरी, इथे हॉट डॉगवर घालतात ती. तिची चव शेपूशी जमते आणि चिकटही येतो. आई अंडं खात नाही, तिच्यासाठी दोन चमचे मैदा, दोन चमचे कॉर्नफ्लोअर, तीच मोहरी आणि भज्याच्या पिठापेक्षा जरा घट्ट होईल एवढंच पाणी. खरं सांगायचं तर बिनअंड्याचं आवरण मला जास्त आवडलं, अंड्याचं थोडं फुगतं आणि मऊ राहतं. त्यावर पांको, म्हणजे जपानी पद्धतीचा मोठ्या पापुद्र्यांचा ब्रेडचुरा. साधा बारीक चुरा इथे भुशासारखा कोरडा लागतो.

आणि हा पांको आधी भाजून घ्यायचा. सगळ्या खटाटोपात यावरच पदार्थ तरतो किंवा बुडतो. वाटीभर पांकोला चमचाभर तेल चोळून मंद आचेवर कढईत फिकट सोनेरी होईपर्यंत परतायचा. कोरडा पांको यंत्रात घातला तर पंखा वरून पांढरे ठिपके तसेच ठेवतो. रंग यायची वाट बघत बसलात तर आत काकडीचा लगदा होतो. चुऱ्याला रंग आधीच असला की यंत्राला फक्त पाणी उडवून कवच कडक करायचं उरतं, आणि ते काम त्याला उत्तम जमतं. परतताना लाल तिखट, लसणाची पूड, मिरपूड घालावी. मीठ अजिबात नाही, पिकलमध्ये ते भरपूर असतं.

घोळवलेल्या चकत्या ताटात पसरून वीसेक मिनिटं फ्रीजमध्ये ठेवल्या की आवरण घट्ट धरतं. मग यंत्र तीन-चार मिनिटं रिकामंच तापवून, ४०० फॅरनहाइटला साधारण आठ-नऊ मिनिटं, पाचव्या-सहाव्या मिनिटाला चिमट्याने उलटून. बास्केट हलवून उलटायची नाही, चुरा गळतो. गळलेला सुटा पांको पंख्याबरोबर उडून कॉइलवर बसतो आणि स्वयंपाकघरभर करपट वास पसरतो. चकत्या एका थरात, एकमेकींना न चिकटता.

इथेच यंत्राची मोठी मर्यादा येते. बॉक्सवर सहा माणसांचं चित्र आहे. एका थरात मावतात वीस-बावीस चकत्या, म्हणजे दोन माणसांचं तोंड चाळवणं. चौघांसाठी तीन घाणे काढावे लागतात आणि तिसरा निघेपर्यंत पहिला सादळतो. यावर इलाज म्हणजे सगळे घाणे एक मिनिट आधी काढून तारेच्या जाळीवर ठेवायचे आणि वाढायच्या वेळी सगळे एकत्र घालून दोन मिनिटं फिरवायचे. तेव्हा एकावर एक पडले तरी चालतात. ताटात किंवा टिश्यूवर ठेवलेले चिप्स पाच मिनिटांत खालून ओले होतात. मॅचला दहा जण येणार असतील तर मी मुकाट्याने मोठ्या ओव्हनचा कन्व्हेक्शन (पंख्याने हवा फिरवणारा) मोड लावतो. त्याला तापायला पाव तास लागतो, पण दोन ट्रे एकदम निघतात.

रव्याचा प्रयोग मराठी घरात होणारच, म्हणून सांगून टाकतो. मासे तळताना लावतो तसा रवा आणि तांदळाचं पीठ लावून बघितलं. तव्यावर तेल सुटल्यावर जो रवा खमंग होतो, तो इथे दाताखाली वाळूसारखा येतो, तेलाचा फवारा मारला तरी. रव्याला तव्यावरचं तेलच लागतं. याउलट आधी वाफवलेल्या कोथिंबीर वड्या आणि अळूवड्या या यंत्रात फार सुरेख होतात. त्या आधीच शिजलेल्या असतात आणि त्यांना फक्त कड हवी असते. आईचं या यंत्राशी जमलं ते तिथे.

तेलाच्या फवाऱ्याबद्दल: डब्यातल्या एरोसोल स्प्रेमध्ये बहुधा लेसिथिन असतं. ते नॉनस्टिक जाळीवर चिकट पिवळट थर धरतं आणि घासायला गेलं की कोटिंग जातं. साध्या पंपाच्या बाटलीत शेंगदाण्याचं नाहीतर कॅनोलाचं तेल भरून वापरावं. आमच्या जाळीचं कोटिंग मधोमध ठीक आहे, कोपऱ्यांत मात्र झिजायला लागलंय. बास्केट डिशवॉशरमध्ये चालते असं लिहिलेलं असतं. हाताने धुतलेली जास्त टिकेल असं माझं मत. जाळीच्या भोकांत अडकलेला पांको काढायला जुना दातांचा ब्रश लागतो. कागदी लायनर या पदार्थाला निरुपयोगी, खालची हवाच बंद होते.

विजेचंही बघा. इथली घरगुती लाइन १२० व्होल्टची आणि सर्किट बहुधा १५ अँपिअरचं, म्हणजे १८०० वॉटच्या आत सगळा संसार. एअर फ्रायर चालू असताना त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. भारतात २३० व्होल्टवर हा प्रश्न कमी, पण साध्या ५-६ अँपिअरच्या प्लगपॉइंटवर लावू नका, गीझर-इस्त्रीचा मोठा पॉइंट बघा. व्हिनेगर तापल्याचा वास डोळ्यांत जातो, चिमणी किंवा खिडकी हवीच.

सोबत इथे रँच खातात, ताक, मेयॉनेज, लसूण आणि शेपूचं. बाटलीतलं रँच मला जड वाटतं. टांगलेलं दही, ताजी शेपू बारीक चिरून, लसूण किसून, थोडं मिरं, एवढ्यावर भागतं, आणि आंबटावर आंबट होऊ नये म्हणून चिमूटभर साखर. शेपूचं नाव काढलं की नाक मुरडणारी माझी बायको हे चाटून खाते.

तेल नक्की वाचतं, घाण्याला चमचा-दीड चमचा पुरतो. पण ‘हेल्दी’ म्हणून फार फुशारकी मारण्यात अर्थ नाही. चार-पाच चकत्यांतसुद्धा अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, बरणीच्या लेबलवर बघून घ्या. एअर फ्रायर तेल कमी करतो, मीठ नाही. रक्तदाबाचा त्रास असेल तर चकत्या दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवून खारटपणा थोडा उतरतो, मात्र पुन्हा टॉवेलचा सगळा सोहळा आला.

फ्रोझन कप्प्यात तयार घोळवलेल्या पिकल चिप्सची पिशवी मिळते. आधी तळलेल्या असल्यामुळे त्या यंत्रात बिनबोभाट कुरकुरीत होतात, मी घरी केलेल्या चकत्यांपेक्षा रंगाने चांगल्या. चवीला मात्र काकडी हरवलेली असते, सगळं पीठ आणि मीठ. लेकीला दोन्ही चालतात. तिच्या मैत्रिणी अचानक आल्या तर मीही पिशवीच फोडतो.

दोघा-तिघांचं घर असेल, टॉवेलने टिपत बसायचा पेशन्स असेल, तर या आकाराचं यंत्र पुरतं. चौघे किंवा जास्त असाल तर खोल बास्केटवालं न घेता पसरट ट्रे असलेलं, ओव्हनच्या घाटाचं घ्या. लिटरचा आकडा खोलीमुळे फुगतो आणि पिकलला जागा लागते ती लांबी-रुंदीत. दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि जाळीची बाजू मोजा. दहा इंचांच्या आत असेल तर चौघांसाठी ते यंत्र नकोच.