रंगीत शाई की आयर्न गॉल?

फाउंटन पेनात भरायला मुख्यतः दोन जातींच्या शाया डोळ्यांसमोर येतात. पाण्यात विरघळलेल्या रंगांची नेहमीची शाई म्हणजे नुसती मजा. हव्या त्या छटा, जाड निबेने लिहिलं की एकाच अक्षरात फिकट-गडद खेळ, आणि साध्या पाण्याने पेन स्वच्छ. पण कागदावर पाणी सांडलं की मजकूर गेलाच.

आयर्न गॉल शाईचं मूळ मायफळातलं (ओकच्या झाडावरच्या गाठीतलं) टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार. हल्ली ती शुद्ध रसायनांपासून बनवतात. लिहिताना दिसतो तो तिच्यात मुद्दाम मिसळलेला निळा रंग. हवा लागली की लोहाचं ऑक्सिडेशन होतं आणि ओळ हळूहळू काळसर होत जाते. ओली ओळ निळी, वरची काळपट, हे एकाच पानावर पाहणं फार सुंदर! पाणी पडलं तर निळा रंग वाहून जातो, अक्षर राहतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये जन्म-विवाहाच्या नोंदींसाठी ती वापरली गेली. हलक्या कागदावरही ती सहसा फुटत नाही.

मात्र ती आम्लधर्मी असते. पेनात वाळू देऊ नका, स्टीलची निब नियमित धुवा. रोजनिशीसाठी मी हीच घेईन. पत्रांना मात्र रंगीतच हवी.