अॅटॉर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत मी शिकवते. वय ५४, थायरॉईडची गोळी बारा वर्षांपासून चालू, मधुमेह नाही. गेल्या वर्षी नियमित तपासणीत एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १८४ आले, तेव्हा डॉक्टरांनी लगेच औषध न लिहिता तीन महिने आहार आणि चालण्यावर काढायला सांगितले. तूप, तळण आणि बेळगावला गेले की घरी यायचाच तो कुंदा, हे सारे मी नेटाने टाळले. तीन महिन्यांनी आकडा १७२ वर आला. मेहनतीच्या मानाने हे अगदीच थोडे वाटले, पण बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, त्यात यकृताचा वाटा मोठा, ताटातून येणारा वाटा लहान असतो, हे डॉक्टरांनी समजावले. पाळी गेल्यानंतर बायकांचे एलडीएल वाढते, हेही मला तेव्हाच प्रथम कळले.

अॅटॉर्वास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी सुरू करण्यापूर्वी त्यांनी टीएसएच (थायरॉईडची तपासणी), एसजीपीटी (यकृताची) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घेतली. टीएसएचचा आग्रह का, असे मी विचारले. थायरॉईड मंद असेल तर कोलेस्टेरॉल त्यामुळेच चढते, आणि अशा माणसाला या गोळीने स्नायूंचा त्रास होण्याची शक्यताही जास्त असते, म्हणून आधी ते ताळ्यावर असले पाहिजे. माझे होते. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि ही रात्री जेवणानंतर, असे वेळापत्रक ठरले. खरे तर अॅटॉर्वास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, त्यामुळे ते दिवसातून केव्हाही, जेवणाआधी किंवा नंतर घेतले तरी चालते. रात्रीची वेळ केवळ मला लक्षात राहावी म्हणून. सिम्व्हास्टॅटिनसारखी अल्पकाळ टिकणारी गोळी मात्र रात्रीच घ्यायची असते, तेव्हा शेजारणीचे वेळापत्रक आपल्याला लावू नये.

दोन महिन्यांनी केलेल्या तपासणीत एलडीएल १०६ आले. आनंद इतका झाला की दिवाळीत मी स्वतःच निर्णय घेऊन गोळी थांबवली. आकडा उतरला, म्हणजे आजार बरा झाला, असा माझा साधा हिशेब होता, आणि 'एकदा लागली की सुटत नाही' हे जाऊबाईंचे वाक्य कानात होतेच. सात आठवड्यांनी तपासले तर १६५. कारण या औषधाचे काम समजून घेतल्यावर स्पष्ट होते. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या वाटेवरील एका एन्झाइमला ते अडवते. तिथे टंचाई झाली की यकृत आपली गरज भागवण्यासाठी रक्तातील एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेते. गोळी थांबली की अडवणूक संपते आणि सगळे पूर्ववत होते. यात 'सवय लागणे' काहीच नाही. बंद केल्यावर मला कसलाही त्रास झाला नाही, फक्त आकडा परत आला. डॉक्टर रागावले नाहीत, मात्र पुढच्या वेळी थांबवायचे मनात आले तर आधी फोन करा, एवढे म्हणाले. डिसेंबरच्या मध्यात मी पुन्हा सुरुवात केली.

जानेवारीत शाकंभरी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माला जाऊन आलो. डोंगरावरची गर्दी, चढउतार, दिवसभर उभे राहणे, आणि परतल्यावर दोन्ही मांड्या अशा भरून आल्या की खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागावा. मी थेट गोळीवर संशय घेतला. संशय अगदी निराधार नव्हता, कारण या औषधाचा स्नायूंचा त्रास होतो तेव्हा तो बहुधा दोन्ही बाजूंना सारखा, मांड्या, नितंब, खांदे अशा मोठ्या स्नायूंत जाणवतो. मात्र या वेळी मी शहाणपणाने फोन केला. लघवीचा रंग चहासारखा गडद झाला आहे का, ताप किंवा खूप अशक्तपणा आहे का, हे त्यांनी आधी विचारले. तसे असते तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा होता, कारण क्वचित स्नायू विरघळू लागतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. तसे काही नव्हते. सीके ही स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी आठवड्याभराने करायला सांगितली, कारण लगेच केली असती तर नुसत्या चढउताराने वाढलेला आकडा दिसला असता आणि दोष विनाकारण औषधाला गेला असता. आठवड्यात दुखणे गेले, सीके सामान्य आले.

सर्वांत काळजीचा प्रसंग मात्र मार्चमधला. घसा आणि छातीत कफ, म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले. इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. सर्दीखोकल्याचा आणि कोलेस्टेरॉलचा काय संबंध, असेच मला वाटत होते. दुकानदाराने नेहमीची पट्टी काढता काढता दोन्ही औषधे शेजारी ठेवली आणि थांबला. हे प्रतिजैविक शरीरात अॅटॉर्वास्टॅटिन साचवते, त्यामुळे दोन्ही बरोबर घेऊ नका, डॉक्टरांना विचारा, असे तो म्हणाला. विचारल्यावर प्रतिजैविक बदलून मिळाले. बुरशीवरील काही गोळ्यांचेही असेच आहे.

आमच्या भागात ही अडचण जरा वेगळी आहे. पट्टीवरचा मजकूर इंग्रजी, डॉक्टर कन्नड बोलणारे, आणि माझी शंका मराठीत. 'ऊट आद मेले' म्हणजे जेवणानंतर, एवढे कन्नड आम्हा सर्वांना येते, पण 'स्नायूंना कळ येते की ठणका' हे नेमके सांगताना शब्द सापडत नाही. म्हणून मी चालू औषधांची यादी इंग्रजी घटकनावांनी लिहून पर्समध्ये ठेवली आहे. घटकाचे नाव यासाठी, की एप्रिलमध्ये नेहमीचा ब्रँड न मिळाल्याने दुसऱ्या नावाची पट्टी आली आणि घरी दोन्ही पट्ट्या डब्यात पडल्या. यजमानांनी पाहिले नसते तर दोन रात्री तरी मी दुप्पट डोस घेतला असता. आता जनऔषधी केंद्रातून घेते. घटक तोच, खर्च बराच कमी.

सध्या एलडीएल १०४ आहे. जाऊबाई २० ची मागून घे म्हणतात, पण डोस दुप्पट केल्याने परिणाम दुप्पट होत नाही, एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरते, आणि मला हृदयविकार नसल्याने डॉक्टरांना त्याची गरज वाटत नाही. साखरेची सरासरी ५.८ वरून ५.९ झाली आहे. या गोळीने ती किंचित वाढू शकते, त्यामुळे जुलैच्या तपासणीत एलडीएलबरोबर तोही आकडा पाहायचा आहे.