टाँगिट्स: अ‍ॅपवर शिकायचं की समोरासमोर?

फिलिपीन्समधल्या दावाओला डॉक्टरकी शिकणाऱ्या भाचीने विचारलं: टाँगिट्स हा तिथला रमीसारखा पत्त्यांचा खेळ अ‍ॅपवर शिकू की तिथल्या मैत्रिणींसोबत?

खर्चाचं म्हणशील तर पत्त्यांचा कॅट स्वस्तच. अ‍ॅपही फुकट, पण आतली नाणी विकत घेण्याचा मोह वाईट! मात्र कॅटला तिघी जमवाव्या लागतात. वाटणाऱ्याला 13 पानं, बाकीच्यांना 12. रमी येते, त्यामुळे सिक्वेन्स-सेट दोन्हीकडे लगेच जमतील.

मेख आहे ती 'ड्रॉ' कधी पुकारायचा यात, म्हणजे आपल्या हातात सगळ्यात कमी गुण आहेत असं वाटून डाव कधी थांबवायचा. अ‍ॅप गुण मोजून देतं, मग अंदाजाची सवय लागत नाही. समोरासमोर चित्राचं पान 10, एक्का 1 अशी बेरीज स्वतः करावी लागते.

एकटीच असशील, नुसते नियम हवे असतील तर अ‍ॅप. मैत्रिणींत टिकायचं असेल तर कॅट, आणि पैसे न लावता.