कर्लीच्या खाडीतील रात्रीची सहल : अंधार अस्सल, दिवे नकली

देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या खाडीत अमावास्येच्या सुमारास ‘भुतांचे दिवे’ दाखवणाऱ्या एका सहलीला आम्ही चौघे गेल्या मार्गशीर्षात गेलो होतो. दर माणशी ६०० रुपये, वेळ दीड तास.

होडी वल्हवणारे काका हेच या सहलीचे खरे भांडवल आहे. “दिवो दिसलो म्हणान जावचा नाय, चकवो लागलो तर थंयच बसान ऱ्हवाचा, उजाडासर,” एवढे बोलून त्यांनी वल्हे आडवे धरले आणि मग बराच वेळ त्यावरून ओघळणारे थेंबच तेवढे ऐकू येत होते. आरवलीच्या ग्रामदैवत वेतोबाला वाहिलेल्या वहाणा रात्रीच्या फेरीत झिजतात, हेही त्यांनी कालच पाहून आल्यासारखे सांगितले. तापट माणसाला आपण सहज आग्यावेताळ म्हणतो, पण तो शब्द मुळात अशा काळोखात फिरणाऱ्या जाळाचा आहे, हे तिथे बसल्यावर पटते.

आयोजकांच्या निवेदकाला मात्र या शांततेवर भरवसा नव्हता. दलदलीतला मिथेन आपोआप पेटतो, असे तो ध्वनिवर्धकावरून सांगत होता. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ मध्ये तिकडच्या माज्जोरे सरोवराच्या गाळातून हा वायू गोळा केला, पण तो पेटवण्यासाठी त्यालाही ज्योत किंवा ठिणगी लागली. हवा लागताच पेटणारे डायफॉस्फीन हे फॉस्फरसचे संयुग त्यात मिसळत असावे, हा केवळ एक तर्क आहे. शिवाय खाऱ्या चिखलात सल्फेटवर जगणारे जीवाणू मिथेनला फारसा वाव देत नाहीत. कांदळवनात येणारा सडक्या अंड्यांसारखा वास त्यांचाच.

इतक्यात झाडीत निळसर दिवा हलला. ओहोटीच्या ओढीने होडी जरा जास्तच जवळ गेली, तेव्हा गुडघाभर चिखलात उभा असलेला एक तरुण दिसला. एका हातात निळा जिलेटीन कागद गुंडाळलेली बॅटरी, दुसऱ्या हाताने तो डास मारत होता. काकांनी मान दुसरीकडे वळवली. चकव्याची गोष्ट ऐकायला पैसे मोजावेत, पण चकवून घ्यायला मोजू नयेत, असे आमचे मत आहे. ती बॅटरी आणि तो ध्वनिवर्धक काढून टाकला, तर ६०० रुपये मुळीच जास्त नाहीत.

परतताना वल्ह्याच्या प्रत्येक फटक्यासरशी पाण्यातल्या सूक्ष्म जिवांची निळी चमक उठत होती. निवेदक अजून मिथेनवरच बोलत होता.