गांडूळखत म्हणून जळकी वाळू, १४,५०० रुपयांना

सांगायची लाज वाटते, पण परवा दूधवाला म्हणाला की मागच्या कॉलनीत तसलाच छोटा हत्ती टेम्पो फिरतोय, म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसा, आमच्या घरात हसून झालंय.

कोल्हापुरात राहतो. घरामागं १४ बाय ६ फुटांचा एक वाफा आहे, रिटायर झाल्यापासून वांगी, मिरची, मेथी असलं लावतो. १८ मे, आदल्या रात्री वळीव झोडपून गेलेला. सकाळी गेटवर दोन माणसं आणि एक पोरगं, टेम्पोत पोती आणि वर पॉवर वीडर, म्हणजे माती खणायचं छोटं यंत्र. "काका, पावसाच्या आत वाफा करून देतो. खणायचे पैसे नाहीत, खताचे द्या फक्त. अस्सल गांडूळखत, पाटीला ४५ रुपये, तुमच्या वाफ्याला ४० पाट्या म्हणजे डोक्यावरून पाणी." ४० पाट्या म्हणजे १,८०० रुपये. माझी कंबर गेलेली, कुदळ मारवत नाही, एका वाफ्यासाठी गडी यायला तयार नाही. तुम्ही नाही म्हणाला असता का, खरं सांगा.

पुढचा प्रकार माहितीचाच आहे, भाव पाटीचा ठरवायचा, माल लगेच मातीत कालवायचा आणि शेवटी आकडा फेकायचा. पेपरात असलं वाचून मीच म्हणायचो, लोक इतके बावळट कसे.

पहिली चूक खणण्याची. काळी माती, रात्रीचा पाऊस, वाफसा (खणण्याजोगा बेताचा ओलावा) कुठला यायला! माझे वडील शेतकरी, मूठभर माती दाबून सोडून बघायचे, गोळा फुटला तरच औत. मला हे सगळं येतं. तरी तो म्हणाला "ओली आहे तोवर खोल जातंय काका" आणि मी मान हलवली. वीडरनं चार बोटं माती लोण्यासारखी थापली, दोन दिवसांच्या उन्हात तिच्या विटा झाल्या. ढेकळं इतकी कडक की टिकाव उसळून परत येतोय.

पण माझा जीव जळतो तो दुसऱ्याच क्षणासाठी. पहिली पाटी ओतताना तो माणूस "लाभ" म्हणाला. एक नाही, लाभ. खळ्यावर धान्य मोजताना म्हणायचे तसं. मला इतकं बरं वाटलं की मी पुढं जाऊन ओंजळभर खत उचललं. ते उन्हात चमकत होतं. बोटांतून कोरडं ठणठणीत गळून गेलं, तळहात शाईत बुडवल्यासारखा काळा. वासही जळका, तेलकट, तापलेल्या तव्यासारखा. गांडूळखत मी आधी आणलेलं आहे हो! चहाच्या चोथ्यासारखं दमट असतं, पावसाच्या मातीचा वास येतो, मुठीत जरा धरतं. मी विचारलं, हे चमकतंय का? तर म्हणे "वाळवून, चाळून आणलंय, साहेब." आणि मी ओंजळ झटकून हात धुवायला गेलो. तिथंच गेट दाखवायला पाहिजे होतं. रोज रात्री ती ओंजळ डोळ्यापुढं येते.

पाट्या मोजत नव्हतो असं नाही. ५२ पर्यंत मी मोजल्या, म्हटलं ४० च्या ५२ झाल्या तर होऊ देत. तेवढ्यात बायकोनं चहाला हाक मारली (त्यांच्यासाठीच केलेला चहा, वर बिस्किटं), आत फोन आला, १५-२० मिनिटं गेली असतील. बाहेर आलो तर कंपाउंडच्या भिंतीवर कोळशानं चार उभ्या एक आडवी अशा रेघाच रेघा, आणि तो म्हणतोय "३७६ झाल्या. १६,९२० द्या." आवाज चढला, दुसरा गेटला टेकून उभा राहिला, घरात आम्ही दोघंच म्हातारी. घासाघीस करून १४,५०० ला तुटलं. ९,००० क्यूआर कोडवर, ५,५०० रोख. स्क्रीनवर नाव कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं आलं, तेही बघितलं, तरी पिन टाकला. नाव जुळलं नाही तर पैसे सोडू नका, म्हातारपणी कुणाला घाबरायची लाज बाळगू नका, शेजाऱ्याला हाक मारा. मी मारली नाही, कारण शेजारी काय म्हणतील!

भाचा फाउंड्रीत आहे. रविवारी आला, चपलेनं उकरलं आणि म्हणाला, "मामा, ही मोल्डिंगची, लोखंड ओतायच्या साच्यातली जळकी वाळू. कारखान्याला ही टाकायला पैसे मोजावे लागतात, तुम्ही मोजून घेतली." मग फ्रिजवरचं लोहचुंबक आणून फिरवलं, बारीक गोल लोखंडी छर्रे टपाटप चिकटले. आपल्याकडच्या वाळूतही थोडं काळं चिकटतं, पण ते पिठासारखं, असे मोहरीएवढे छर्रे नाहीत. चुंबक जवळ ठेवा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा "पावती आहे का? तुम्ही मान्य करून पैसे दिले, हे दिवाणी आहे." मी वाचून गेलो होतो, म्हटलं फसवणुकीचं जुनं ४२० जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ३१८ झालंय, तर हवालदार म्हणाला "मग अर्जही तुम्हीच लिहा." लिहिला. त्याची पोच मिळायला तिसरी चकर. बँकेत: पिन तुम्हीच टाकलाय. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन लागला, ९,००० ची नोंद झाली, रोखीचं काय, तर काही नाही. कृषी कार्यालयात सातबारा मागितला! परसातल्या वाफ्याचा सातबारा! म्हटलं १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखताचेही निकष आहेत ना, तर म्हणे नमुना सीलबंद पोत्यातूनच घेता येतो. सीलबंद असतं तर फसलो असतो कशाला? माझी पोती पशुखाद्याची होती, हातानं शिवलेली (छापील लेबल नसेल तर गेटच्या आत घेऊ नका). पालिकेत म्हटलं निदान ही वाळू तरी उचला, तर तिथं कळलं की कचऱ्याच्या गाडीत घातली तर दंड मलाच.

आणि मी ३४ वर्षं अकाउंट्समध्ये काढली. पाटीत कमीत कमी १२ लिटर माल धरला तरी ३७६ पाट्या म्हणजे १५९ घनफूट, दीड ब्रासच्या वर (ब्रास म्हणजे १०० घनफूट). माझा वाफा जवळजवळ दोन फूट उंच व्हायला हवा होता, तो चार बोटंही वर आला नाही. दीड ब्रास छोट्या हत्तीच्या एका खेपेत येतं का? भाव करायचा तर आख्ख्या गाडीचा करा, पाटीचा नको. हे गणित मी दोन मिनिटांत केलं, फक्त दहा दिवसांनी.

आता रोज सकाळी थोडी थोडी वाळू खरवडून पोत्यात भरतो, २३ पोती भिंतीला लावून ठेवलीत. काल ती रचताना कोळशाच्या रेघा पहिल्यांदाच नीट मोजल्या. पाच-पाचचे ६१ गठ्ठे, म्हणजे ३०५. ७१ पाट्या, ३,१९५ रुपये, भिंतीवरसुद्धा नव्हते.